टावर नाही: लष्करातल्या एका वाड्याचं प्रकरण

पुण्यात एमबीए करताना मी पन्नासएक केस स्टडी तरी वाचल्या असतील. बहुतेकींत एक मॅनेजर असायचा आणि पहिल्याच वाक्यात तो काचेच्या खिडकीतून बाहेर बघत बसलेला असायचा. पुढे वीस पानं त्याच्या कंपनीची कर्मकहाणी, आणि शेवटी प्रश्न: तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? आमच्या प्रकरणात मॅनेजर नाही. खिडकी मात्र आहे, आणि सगळं घर तिच्याभोवती फिरतं.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात, एका गोठीत आमचा वाडा आहे. गोठ म्हणजे सरदारांच्या तळाची जागा. चिटणिसांची गोठ, निंबाळकरांची गोठ ही नावं इथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा किल्ल्याच्या दक्षिणेला तळ पडला, तो उठलाच नाही, तळाचंच गाव झालं आणि नाव पडलं लष्कर. वाड्याच्या भिंती दोन हात जाड, दगड आणि चुना. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना मधल्या खोलीत पंख्याशिवाय झोप लागते. ऊन आत येऊ नये म्हणून बांधलेली भिंत आणखी काय काय अडवते, हे शिकायला आम्हाला सहा महिने लागले.

जून २०२४ मध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो. घरात सासरे आबा, सासूबाई, पुढच्या भागात काका-काकू, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. काकांची पाटणकर बाजारात छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची. तिचे हिशेब आणि जीएसटी मी बघते, शिवाय पुण्यातल्या तीन जणांचंही काम घरूनच करते. नवऱ्याचं ऑफिस सिटी सेंटरला. तिथे दिवसभर फोन खणखणीत चालतो, त्यामुळे घरात फोन लागत नाही ही गोष्ट त्याला बरेच दिवस बायकोची तक्रार वाटत होती. हा या प्रकरणातला पहिला अडथळा, आणि तो तांत्रिक नाही.

दुसरा अडथळा भाषेचा. मी म्हणायचे, "रेंज नाहीये." आबा विचारायचे, "टावर नाहीयेत का?" इकडे हिंदीत टावर येतात आणि जातात, तेच इथल्या मराठीतही येतात आणि जातात. "माझ्याकडे दोन टावर आहेत, तुझ्याकडे किती?" असं काकू शेजारणीला विचारत होत्या तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कुणाची काही स्थावर मालमत्ता आहे. आता मीही टावरच म्हणते. हा शब्द किती शब्दशः खरा होता, ते पुढे कळलं.

कंपनीचं नाव सांगत नाही. वाचकाने आपापल्या कंपनीचं घालावं, गोष्टीत फरक पडणार नाही.

शिंकं

आल्यावर पंधरा दिवसांत शोध लागला तो असा: गच्ची सोडली तर अख्ख्या वाड्यात माडीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर, पश्चिमेकडच्या झरोक्याशी फोन धरला की दोन काड्या उमटतात. सहाव्या पायरीवर एक. आठवीवर परत एक. कारण विचारू नका, आठवी पायरी उंच आहे, म्हणजे तिथे जास्त यायला हव्या होत्या. झरोका ओलांडला की परत भिंत, हे त्याचं उत्तर, पण ते मला नंतर सुचलं.

सातव्या पायरीला आबांनी पीसीओ नाव दिलं. सकाळी साडेनऊला माझी पुण्याची मीटिंग असायची, तेव्हा मी पायरीवर बसायचे आणि वर जाणारी माणसं माझ्या डोक्यावरून ओलांडून जायची. एकदा काकू वाळवणाची पाटी घेऊन गेल्या आणि माझ्या क्लायंटला कॅमेऱ्यात फक्त नऊवारीचा काठ आणि जोडवी दिसली. त्यांनी अदबीने विचारलं, "मॅडम, यज्ञ वगैरे आहे का?"

कायम पायरीवर बसणं शक्य नाही, म्हणून सासूबाईंनी उपाय काढला. माळ्यावरून जुनं शिंकं काढलं, सुंभाचं, दही-लोण्याचं मडकं टांगायचं. झरोक्याच्या वरच्या कडीला ते अडकवलं आणि त्यात घरातले सगळे फोन ठेवायचा नियम झाला. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवायचा म्हणजे खालच्या ओट्यावर लॅपटॉपला थोडंफार इंटरनेट मिळायचं. पाच फोन एकमेकांवर रचलेले. वाजला की कुणाचा ते कळायचं नाही, कारण चौघांची रिंगटोन तीच, फोनबरोबर आलेली. जो जवळ असेल त्याने धावायचं, शिंक्यातून पाचही उपसायचे, वाजणारा शोधायचा, आणि तोवर फोन बंद. मिस्ड कॉलला उलट फोन करायचा तर पुन्हा सातवी पायरी. मुलगा म्हणायचा, आपल्याकडे रोज दहीहंडी.

एका रविवारी मी वैतागून मोजमाप करायला बसले. फोनवरच्या काड्यांना काही अर्थ नसतो, म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच माप नाही. एका फोनवर ज्याला तीन काड्या म्हणतात त्याला दुसरा फोन दोन म्हणू शकतो. खरा आकडा सेटिंग्जमध्ये, सिम स्टेटसच्या आत दडलेला असतो, डीबीएम नावाने, आणि तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११०च्या खाली गेलं की बोलणं तुटायला लागतं, उणे १२० म्हणजे राम म्हणा. यात गंमत अशी की हे आकडे साध्या पायऱ्यांनी उतरत नाहीत. दहाने खाली आलं की सिग्नल एक दशांश होतो, वीसने आलं की शंभरावा हिस्सा.

मुलगा खडू घेऊन फरशीवर आकडे लिहीत चालला. गच्ची उणे ९४. चौक उणे १०६. सातवी पायरी उणे १०३. ओटी उणे ११४. मधली खोली उणे १२१, आणि तिथे अधूनमधून नुसतं "सेवा उपलब्ध नाही". म्हणजे गच्चीवर जेवढा सिग्नल पोचतो त्याचा मधल्या खोलीत जेमतेम पाचशेवा भाग शिल्लक राहतो. आबांनी चष्मा लावून फरशी वाचली. म्हणाले, "उणे एकशे एकवीस? इतकं उणे तर आपल्या खात्यातही कधी झालं नाही."

किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात शून्य कोरलेला शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा, गणिताच्या इतिहासात त्याला मोठा मान. शहरातला प्रत्येक गाइड परदेशी पाहुण्यांना तो दाखवतो. मी म्हटलं, त्यांना खाली आमच्या मधल्या खोलीतही आणा, इथे शून्य अजून वापरात आहे.

तक्रार

ऑक्टोबरात मी कंपनीच्या तक्रार केंद्राला, १९८ ला फोन लावला, म्हणजे सातव्या पायरीवर बसून लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला. मुलीने आवाज नीट येत नाही म्हणून तीनदा नंबर विचारला. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे. तिने तक्रार क्रमांक दिला, बहात्तर तासांत काम होईल म्हणाली.

चौथ्या दिवशी शिंक्यातला फोन काढला तर एसएमएस: आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, संपर्क होऊ शकला नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे.

दुसऱ्यांदा तक्रार. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी विनवलं की बाई, फोन लागत नाही अशी तक्रार केलेल्या माणसाला तुम्ही फोन करून विचारता की फोन लागतो का, यात काही चुकतंय असं वाटत नाही? ती म्हणाली, "मॅम, ऑल्टरनेट नंबर दे दीजिए." घरात दुसऱ्या कंपनीचा नंबर नव्हता. लँडलाइन होती पूर्वी, ०७५१ ची, पण रस्ता खोदताना केबल तुटली ती तुटलीच. तेव्हा मी पुण्याच्या नणंदेचा नंबर दिला. इथेच चूक झाली.

तीन दिवसांनी इंजिनिअरने नणंदेला फोन केला. "मैडम, आपके यहाँ नेटवर्क कैसा है?" नणंद कोथरूडला, बाल्कनीत, चहा घेत. तिने फोन कानापासून लांब करून बघितला आणि खरं ते सांगितलं, "एकदम मस्त." तक्रार बंद. शेरा: ग्राहक समाधानी.

नणंदेला मी दोष देत नाही. तिला कुणी विचारलं नाही की कुठलं नेटवर्क, आणि तिच्या फोनवर खरंच पाच काड्या होत्या. पण आबा तिला आठवडाभर "समाधानी ग्राहक" म्हणत होते.

यापुढची पायरी बहुतेकांना माहीत नसते म्हणून सांगते. तक्रार केंद्राने पाने पुसली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं, फुकट, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा, असं २०१२ च्या नियमांत आहे. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, धाव घेऊन उपयोग नाही, ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी मी अपील टाकलं. त्यात फरशीवरचे सगळे आकडे लिहिले, तिन्ही तक्रार क्रमांक लिहिले, आणि ठळक अक्षरात लिहिलं: कृपया फोन करू नये, घरी यावे.

काका या सगळ्यात रुपयांचा हिशेब करत होते. त्यांना आठवत होतं की २०१५ साली कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला फार तर तीन, असा नियम निघाला होता. तो जानेवारी २०१६ पासून लागू व्हायचा होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. "पाच फोन, रोजचे तीन," काका म्हणायचे, "महिन्याचे साडेचारशे. आतापर्यंत प्रेसला नवा कटर आला असता." हल्लीच्या नियमात भरपाई आहे, पण अख्ख्या जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त नेटवर्क गेलं तर. वाडा म्हणजे जिल्हा नव्हे, याचं काकांना मनापासून वाईट वाटलं.

वीस तारीख

डिसेंबर. तानसेन समारोहाचा आठवडा, तोही शंभराव्या समारोहाचा. आबा रोज संध्याकाळी गाणं ऐकायला जायचे आणि येऊन सांगायचे की तिथे मंडपात चार-चार टावर होते, लोक भैरवी चालू असताना व्हिडिओ पाठवत होते. घरी आल्यावर मफलर काढायच्या आधी त्यांचा फोन शिंक्यात.

१९ तारखेला कंपनीच्या दुकानातल्या मुलाने काकांना सल्ला दिला, "अंकल, सिम पुराना है, बदल लो, सब ठीक हो जाएगा." काकांनी बदललं. मला विचारलं असतं तर मी हात जोडून थांबवलं असतं. कारण सिम बदललं की पुढचे चोवीस तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत. कुणी भामट्याने तुमच्या नावाने सिम काढून बँक लुटू नये म्हणून केलेला नियम, आणि चांगला नियम. जुलै २०२४ पासून आणखी एक: सिम बदलल्यावर सात दिवस दुसऱ्या कंपनीत पोर्टही करता येत नाही. म्हणजे दुकानदाराच्या एका सल्ल्याने काकांचा फोन एक दिवस मुका आणि आठवडाभर नजरकैदेत.

आणि २० तारीख म्हणजे जीएसटीच्या ३बी चा, म्हणजे दरमहाच्या रिटर्नचा, शेवटचा दिवस. रिटर्नचा ओटीपी ईमेलवरही येतो, त्याची चिंता नव्हती. पण कर आधी भरावा लागतो, तो काकांच्या नेट बँकिंगमधून, आणि बँकेचा ओटीपी फक्त काकांच्या फोनवर. नवीन सिम चालू झालं होतं १९ ला रात्री दहाला. त्यामुळे २० ला रात्री दहापर्यंत काहीच करता येत नव्हतं.

दहा वाजून गेले. एसएमएस सुरू झाले असावेत, पण शिंक्यात येईनात. दोन ओटीपी मुदत संपल्यावर आले, एकमेकांचा हात धरून. साडेअकराला काका म्हणाले, "मी नाक्यावर जातो, तिथे टावर असतात." पण नाक्यावर ओटीपी आला तरी मला कळवणार कसा? मला फोन केला तर माझा फोन आत, उणे एकशे चौदावर. शेवटी असं ठरलं की काका नाक्यावर उभे राहतील, मुलगा गल्लीच्या मध्यावर, मी ओटीच्या खिडकीत लॅपटॉप घेऊन. काका ओरडतील, मुलगा पुढे ओरडेल, मी टाइप करेन.

बाहेर कडाक्याची थंडी, धुकं उतरायला लागलेलं. नाक्यावरून काकांचा आवाज आला, "शेहेचाळीस! एकोणसत्तर! एकोणऐंशी!"

मुलगा सीबीएसईचा. त्याला शेहेचाळीस येतं, कारण परवाच पाठ झालं होतं. पण एकोणसत्तर म्हणजे एक आणि सत्तर असा त्याने सरळ हिशेब लावला. तो माझ्याकडे वळून ओरडला, "फॉर्टी सिक्स, सेव्हन्टी वन, एटी वन!" मी टाइप केलं. चुकीचा ओटीपी. परत ओरडा. काकांनी मदत म्हणून हिंदीत सांगितलं, "उनहत्तर! उन्यासी!" त्यामुळे मुलगा आणखी गोंधळला. समोरच्या माडीवरची खिडकी उघडली आणि वृद्ध शेजारी म्हणाले, "बेटा, सिक्स्टी नाइन, सेव्हन्टी नाइन." ओटीपी कुणालाही सांगू नका असं बँक दर एसएमएसच्या शेवटी लिहिते. आमचा ओटीपी त्या रात्री अख्ख्या गोठीला पाठ झाला होता.

तोवर बँकेचं पान कालबाह्य झालं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, या वेळी एकेक आकडा. पैसे गेले तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. एक दिवसाचं विलंब शुल्क पन्नास रुपये, पंचवीस केंद्राचे, पंचवीस राज्याचे. वर थोडं व्याज. काकांनी ते पन्नास रुपये अपिलात वाढवून मागायला सांगितले. मी लिहिलेही.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन केला, लागला नाही, आणि त्या दिवसापासून तो माझ्या बाजूला आला.

इंजिनिअर

जानेवारीत खरंच माणूस आला. पंचविशीतला मुलगा, मुरैन्याचा, पाठीवर सॅक, एका हातात दोन फोन. सासूबाईंनी चहा आणि गजक पुढे केली. त्याने चौकात उभं राहून आकडे घेतले, मुलाने खडूने लिहिलेले पुसट आकडे फरशीवर बघितले आणि म्हणाला, "ये तो सही निकाले हैं, किसने किए?" मुलाची छाती फुगली.

मग तो गच्चीवर गेला. मी मागोमाग, आबा खालीच थांबले. गुडघे दुखतात म्हणाले. खरं तर त्याच आठवड्यात ते दोनदा वर गेले होते, पतंग काढायला.

गच्चीवरून इंजिनिअरने डावीकडे, दोन घरं सोडून तिसऱ्या घराच्या छताकडे बोट केलं. तिथे सिमेंटचे चार ठोकळे होते, प्रत्येकातून गंजलेले बोल्ट वर आलेले. ठोकळ्यांवर फळी टाकून त्यावर कुणीतरी मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या.

"भाभीजी, टावर तो यहीं था," तो म्हणाला. "आप लोगों ने ही हटवाया."

मी म्हटलं, आम्ही जूनमध्ये आलो. त्याने खांदे उडवले. मोहल्ल्याने अर्ज दिला होता, मग घरमालकाने करार वाढवला नाही, आधीच्या हिवाळ्यात टावर उतरवला. आता सगळ्यांत जवळचा टावर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि त्याच्यावरची फोरजी बऱ्यापैकी वरच्या फ्रीक्वेन्सीची. वरच्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल डेटा भरपूर नेतो पण भिंत दिसली की मान टाकतो. खालच्या फ्रीक्वेन्सीचा लांब जातो आणि भिंतीतूनही थोडा झिरपतो. आमच्या भिंतींपुढे दोघांचंही फारसं चालत नाही.

आम्ही खाली आलो. मी काही विचारायच्या आतच सासूबाई देवघरातल्या फडताळातून एक फाइल घेऊन आल्या. न बोलता माझ्या हातात दिली. आत अर्जाची झेरॉक्स होती. एक्केचाळीस सह्या. पहिली आबांची, टपोरी, मोडी वळणाची. दुसरी काकांची. मजकूर आबांच्याच अक्षरात, शुद्ध हिंदीत: विकिरणामुळे डोकेदुखी, निद्रानाश, चिमण्या नाहीशा होणे, तुळस सुकणे.

इंजिनिअर चहा पीत होता आणि छताकडे बघत होता. आबा म्हणाले, "मी किरणांच्या विरुद्ध सही केली होती. नेटवर्कच्या विरुद्ध नाही."

काकूंनी नंतर स्वयंपाकघरात खरं कारण सांगितलं. टावरवाल्या घराला दर महिन्याला भाडं यायचं. त्यांनी त्या पैशांतून वरचा मजला चढवला, फाटकाला ग्रॅनाइट लावलं. "त्यांना भाडं आणि आम्हाला किरणं," असं सगळ्या गल्लीचं म्हणणं होतं. चिमण्या त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

किरणांबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगते, कारण हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भीती खरी असते, माणसं खोटी नसतात. आपल्याकडे टावरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, सप्टेंबर २०१२ पासून. शंका असेल तर तरंग संचार नावाच्या सरकारी पोर्टलवर चार हजार रुपये भरून आपल्या दारात मोजणी करून घेता येते. एक्केचाळीस जणांनी प्रत्येकी शंभर काढले असते तर चहापाण्यालाही शंभर उरले असते. आणखी एक गोष्ट अर्ज लिहिताना कुणाला सुचली नसणार: टावर लांब गेला की हातातला फोन त्याच्यापर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. म्हणजे जवळचा टावर हटवला तेव्हा कानाशी धरलेलं यंत्र उलट जास्त तापायला लागलं. आमचे फोन दुपारी दोनलाच चार्जिंगला का लागायचे त्याचंही हेच कारण.

तरी कंपनी सुटत नाही. टावर उतरवला तेव्हा एकाही ग्राहकाला दोन ओळींचा एसएमएस नाही. त्यांच्या नकाशावर आमची गल्ली अजून हिरवीगार आहे. रिचार्ज पूर्ण घेतला. तीन तक्रारी न येता बंद केल्या. पहिल्या तक्रारीलाच कुणी सांगितलं असतं की इथला टावर गेला, तर मी ऑक्टोबरातच दुसरी सोय केली असती. अपिलाचं उत्तर ३९ दिवसांच्या आत आलं, हे मान्य. उत्तर असं: "ग्राहकाच्या परिसरात नवीन साइट प्रस्तावित आहे." पन्नास रुपयांचा उल्लेख नाही.

मग काय केलं

बाजारातला एक मोबाइलवाला बूस्टर लावून देतो म्हणाला, चार हजारांत. नाही म्हटलं. विनापरवाना बूस्टर बेकायदेशीर आहे, आणि स्वस्तातले तर टावरकडे इतका गोंगाट पाठवतात की एका घरात काड्या वाढतात आणि अख्ख्या गल्लीच्या जातात.

फायबरचं कनेक्शन घेतलं आणि सगळ्यांच्या फोनवर वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. वाय-फायही त्याच भिंतींपुढे हतबल, म्हणून मधल्या खोलीत दुसरा राउटर हवा होता. तारेसाठी भोक पाडायला आलेला माणूस पहिल्या दिवशी दोन ड्रिल मोडून गेला. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन वडिलांना घेऊन आला. वडिलांनी भिंतीवर थाप मारली, आबांकडे आदराने बघितलं आणि संध्याकाळपर्यंत दोन इंचांचं भोक पाडलं. आता फोन वाजतात. बँकेचे ओटीपी बहुतेकदा येतात, कधी येत नाहीत. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की सगळं जातं, आणि शिंकं अजून कडीला आहे.

काकांचा नंबर सात दिवसांची नजरकैद संपल्यावर पोर्ट केला. १९०० वर एसएमएस, आठ अक्षरांचा कोड, चार दिवसांची मुदत. कोड सातव्या पायरीवर आला. दुसऱ्या कंपनीचा सिग्नल मधल्या खोलीत उणे ११५ आहे. काका त्याला सुधारणा म्हणतात.

गेल्या महिन्यात गल्लीतली तीन पोरं आबांकडे आली. कोपऱ्यावरच्या घराच्या छतावर टावर बसणार आहे, "प्रस्तावित साइट" ती हीच असावी. मोहल्ल्याच्या वतीने विरोधाचा अर्ज लिहिलाय, पहिली सही बाबूजींचीच हवी. आबांनी अर्ज घेतला, चष्मा लावला, ओळ न ओळ वाचली. मी दारात उभी होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

आबांनी खिशातून पेन काढलं. "विकीरण" मधला दीर्घ की खोडून ऱ्हस्व केला. "निद्रानाश" जोडून लिहिला. अर्ज परत दिला आणि म्हणाले, "भाषा आता ठीक आहे."

मग ते उठले आणि जिन्याकडे गेले. लाइट गेली होती, आणि सात वाजता पुण्याहून लेकीचा फोन येतो.